धानाचा अर्थ विचारलास म्हणून

मौजा कोसमघाट, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा
२० डिसेंबर १९५६

चिरंजीव गुणवंतास बापाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? डाव्या कानातून पाणी येत होतं ते थांबलं का? थंडीत कानाला फडकं बांधत जा, नागपूरचे लोक हसले तर हसू दे. घरमालकांचा दमा कसा आहे? कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया व्हायची होती, ती झाली का, आणि आता त्यांना बारीक अक्षर दिसतं का? तुझ्या खोलीत राहणारा तो वर्ध्याचा मुलगा, ज्याच्या पोटदुखीमुळे तुला दिवाळीला येता आलं नाही, तो आता उठून बसतो का? सगळ्यांचं एकेक करून कळव.

इकडे तुझ्या मायचे गुडघे थंडीने धरले आहेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नाही. मी बरा आहे. म्हातारा बैल यंदा धानाच्या चुरणीला चालला नाही, शेजारचा आणला. गोकुळाची तब्येत तू विचारली नव्हतीस, म्हणून लिहीत नाही.

तुझं पत्र शेजारच्या रामाजीनं बाजारातून आणून दिलं. एवढं लांब पत्र नोकरी लागल्यापासून पहिलंच. आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. घरच्या कोणाचं नाव येतं का ते पाहत होतो. नाव नव्हतं, पण धान होतं. म्हटलं, हेही घरचंच आहे.

तुमच्या कचेरीच्या शब्दकोशातलं 'ध' अक्षर तुझ्या वाट्याला आलं हे वाचून आनंद वाटला. तू लिहिलंस की वेदांच्या काळी 'धाना' म्हणजे भाजलेले जव, आणि फारसीतला 'दाना' व आपलं 'धान' ह्या एका मायच्या दोन लेकी, एक तिकडे दिली आणि एक इकडे राहिली. मी चौथी शिकलेला माणूस, पुढचं सगळं पोथ्या चाचपडत. पण मला समजलं.

आता आमच्या झाडीपट्टीतलं ऐक. शेतातल्या बांधीत उभं आहे ते धान. कापून कडपा पडल्या तेही धान. पुंजणं रचलं, तेही धानाचंच. बैलांच्या पायांखाली चुरलं की दाणा राहतो तो धान, आणि काडी राहते तिला तणस म्हणायचं. दाण्याचं टरफल निघालं की तो तांदूळ झाला, मग त्याला कोणी धान म्हणत नाही. चुलीवर गेला की भात, पातळ केला की पेज, सकाळपर्यंत उरला की बासी. ह्यात इथलं शेंबडं पोरही चुकत नाही. पुण्याकडच्या पुस्तकांत उभ्या पिकालाच भात म्हणतात असं तू लिहिलंस, ते मी चावडीवर वाचून दाखवलं. आपला मंगरू ढिवर जाळं विणत बसला होता. म्हणाला, "पोरगी पाळन्यात हाय अन् तिले आतापासूनच सासूबाई म्हनून राह्यले का जी ते?"

मला एकट्याला अर्थ पुरेना म्हणून इतरांनाही विचारलं. बापूजी पाटील म्हणाले, धान म्हणजे धन, त्यात विचारण्यासारखं काय. तसं नक्की नाही, दोन्हींची मुळं वेगळी असावीत, असं तू लिहिलं आहेस, पण मी त्यांना सांगितलं नाही. गावाचा पाटील, एवढं तरी त्याचं राहू द्यावं. तुझी माय म्हणाली, ज्यानं पोट भरते ते. सूनबाई गोकुळा उखळाशी होती. तिनं मुसळ थांबवलं आणि म्हणाली, "मामाजी, मातीत टाकलं तं उगवते ते धान. कांडलं का मंग नाई उगवत." आणि पुन्हा कांडायला लागली. हा अर्थ कोशात बसत असेल तर घाल. कोणी सांगितला ते लिहायची गरज नाही.

मला एक कोडं पडलं आहे. वेदात हा शब्द भाजलेल्या दाण्याचा, आणि भाजलेलं तर उगवत नाही. मग तोच शब्द आमच्याकडे उगवणाऱ्या दाण्याचा कसा झाला? घर सोडून दूर गेलं की शब्दालाही मागचं आठवत नसेल.

आता माझं एक काम. वैनगंगेच्या अलीकडच्या अंगाला राहणारा इस्तारी, आपल्याच जातीचा. बायको बाळंतपणात गेली, लहान मुलगी आहे. तो परवा घरी आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गोकुळासाठी माझ्यापाशी विचारलं. चोरून नाही, आडून नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मामाजी, मी इथी कोन हाय, ते तुमीच सांगा." तुझं-तिचं लग्न लागलं तेव्हा ती परकरातली पोर होती, आणि ती नांदायला आली त्या वर्षी तू नागपूरला शिकायला गेलास. तिला माहेर नाही, वाढवणारा मामाही गेला. ह्या घरात ती सून म्हणून आहे, बायको म्हणून कोणाचीच नाही.

पाट लावायचा तर आधी काडीमोड पाहिजे. तुला रीत माहीत आहे. पंचांसमोर धानाची काडी, एक टोक नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या, मध्ये मोडायची. एवढ्यासाठी तुला एक दिवस काढायचा आहे. मूलपर्यंत रेल्वे आहे, पुढे मी बंडी घेऊन येतो. तुला कोणी वावगा शब्द बोलणार नाही, मी पाटलांना सांगून ठेवलं आहे. काडी हातात येईपर्यंत इस्तारीला तिच्याशी उंबऱ्यात उभं राहून बोलताही येत नाही, नाहीतर दोघंही जातीबाहेर.

धानाच्या जातींची नावं तू विचारलीस, ती तू आल्यावर तोंडी सांगीन.

तुझा बाप,
लटारू


कोसमघाट
२ फेब्रुवारी १९५७

चिरंजीव गुणवंतास आशीर्वाद.

तुझी तब्येत, कान, घरमालक, साहेब, सर्वांची खुशाली वाचली. वर्ध्याच्या मुलाचं पोट बरं झालं हेही वाचलं.

तू देवधानाबद्दल विचारलंस. उत्तर देतो, कारण विचारलेल्याचं उत्तर द्यावं असं मला माझ्या बापानं शिकवलं होतं. देवधान तलावाच्या काठाला आपसूक उगवतं. कोणी पेरत नाही, कोणी राखत नाही, म्हणून देवाचं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं तेव्हा बाया टोपल्या घेऊन पाण्यात शिरतात आणि लोंब्या झोडून दाणे आणतात. एवढा त्याचा मान. पण तेच देवधान बांधीत शिरलं की शेतकऱ्याचा घात. पान तेच, खोड तेच, रंग तोच. निंदणारी बाई आपलं समजून राखते. त्याला पाणी मिळतं, खत मिळतं, ते शेजारच्या रोपापेक्षा उंच होतं, माणसाला कौतुक वाटतं. आणि विळा लावायच्या आधी दाणे झडून गेलेले असतात. हातात तणस येते.

हे कोशात लिही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण देवधानाची परीक्षा शितावरून होत नाही, कारण ते शितापर्यंत येतच नाही.

माझ्या कामाबद्दल तुझ्या पत्राच्या अगदी तळाला, समासाच्या बाहेर, एक ओळ होती. "ते प्रकरण सध्या काढू नये, कायदा बदलला आहे." कायदा बदलला हे मलाही माहीत आहे, बाबू. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, रातोरात राज्य बदललं, मग कायदा का बदलणार नाही. पण रामाजीनं चांद्याच्या वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, जातीची जुनी रीत असेल तर काडीमोडाला ह्या कायद्यानं हात लावलेला नाही. नवा कायदा बोट ठेवतो ते एका बायकोवर दुसरी करणाऱ्यावर. वकिलानं रामाजीला उलट विचारलं, "प्रकरण कोणाचं आहे?" रामाजी म्हणाला, सहज विचारलं.

आता लपवून काय करू. रामाजी दसऱ्यानंतर जंगलातल्या चराईच्या खटल्यासाठी नागपूरला गेला होता. मीच त्याला तुझा पत्ता दिला होता, सोबत पोह्यांची पिशवी दिली होती. तू कचेरीत होतास. दार वर्ध्याच्या मुलानं उघडलं नाही, एका बाईनं उघडलं. खिडकीत लुगडं वाळत होतं. तिनं त्याला चहा दिला, कपाळाला कुंकू होतं, बोलायला चांगली होती असं रामाजी म्हणतो. पोहे तिनं ठेवून घेतले. ते तुला मिळाले असतील. कोणी पाठवले ते तू तिला काय सांगितलंस ते मी विचारत नाही.

म्हणजे मागच्या पत्रात वर्ध्याच्या मुलाची तब्येत मी विचारली तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. बापानं लेकराशी असं वागू नये. पण तू स्वतःहून सांगशील अशी मला आशा होती. तू मला त्याच्या पोटाची हकीकत लिहून पाठवलीस.

मी तुझ्या मायला हे सांगितलं नाही. गोकुळाला मी सांगितलं नाही, पण रामाजीच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. गोकुळा दोन दिवस शेणाच्या गोवऱ्या थापत राहिली, एवढ्या की तुझी माय म्हणाली, बाई, आता पावसाळा दोनदा आला तरी पुरतील.

मी तुझ्या संसाराच्या आड येत नाही. ज्याला जिथे गोड लागेल तिथे त्यानं जेवावं. पण उष्टं ताट दुसऱ्याच्या पुढ्यात तसंच ठेवून उठू नये. तू तिथे नवरा झालास, मग इथली एक गाठ सोडून जा. तू आलास हे कचेरीला कळणार नाही. पंच कोणाला सांगायला नागपूरला जात नाहीत, त्यांना चांद्यालाच जायचा कंटाळा. इस्तारी थांबला आहे. पण त्याची माय आंधळी आणि घरात रांगतं पोर, लोक त्याला दुसऱ्या मुली दाखवू लागले आहेत.

अक्षय्य तृतीयेच्या आत ये.

लटारू


कोसमघाट
२८ मार्च १९५७

गुणवंता,

आज तब्येती विचारत नाही. तू ठीकच असशील.

तुझं पाकीट मिळालं. मतदानाची धामधूम संपली, टपाल पुन्हा वेळेवर येऊ लागलं. फोडलं तर आत कागद नाही. हातावर उलटं केलं तर काडीचे दोन तुकडे पडले आणि चिमूटभर भुसा. मी उजेडाकडे धरून पाकिटाच्या आत पाहिलं. तुझी माय म्हणाली, "वळखाले पाठवलं असन त्यानं, हे कोनतं धान म्हनून." तिनं तुकडा हातात घेतला, दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "हे धान नाई. गव्हाची काडी असन." गोकुळा चुलीपाशी होती. तिनं एकदा पाहिलं आणि फुंकणी उचलली. तिला माझ्या आधी समजलं होतं.

बाबू, तू शब्दांवर पोट भरतोस. एका धानासाठी तू मला चार पानं लिहिलीस, वेद काढलेस, फारसी काढलीस. इथे तुझ्याकडून एक शब्द पाहिजे होता, "सोडली". तोही लिहिता आला नाही. का लिहिला नाहीस ते मला समजतं. कागदावर हस्ताक्षर राहतं, काडीवर राहत नाही. पण उंटावरून शेळ्या हाकणारे मी ऐकले होते, टपालपेटीतून बायको सोडणारा माझ्याच घरी जन्मला.

तरी मी ते पाकीट पंचांपुढे नेलं. नेलं नसतं तर बरं, पण माझ्यापाशी दुसरं काय होतं? पंच आपल्या जातीचे, चावडी मात्र गावाची, त्यामुळे जो तो येऊन बसला. इस्तारी खांबाला टेकून होता. बाया भिंतीच्या कडेला. बापूजी पाटलांनी पाकीट हातरुमालावर उलटं केलं, तुकडे जुळवून पाहिले, पाकिटावरचे ठप्पे पाहिले. मग म्हणाले, "लटारूभाऊ, हे काडी पोरानं मोडली, का ठप्पा मारतानी मोडली?"

खरंच कोण सांगेल? एक पंच म्हणाला, अख्खी टाकली असेल तर ही काडीमोड होत नाही. दुसरा म्हणाला, मोडूनच टाकली असेल, नाहीतर कोणी अख्खी काडी कशाला पाठवेल. तिसरा म्हणाला, तुकडे दोन आहेत पण मधला भाग कुठे गेला, ही कुठेतरी आणखी मोडली आहे. पायरीवरून मंगरू म्हणाला, "ठप्पेवाल्यानं मोडली असन तं त्याची बायको सुटली, पाटील. त्याले कळवा कोनी तरी, तो बिचारा घरी जाऊन सैपाकाची वाट पाहून राह्यला असन."

सगळी चावडी हसली. मीही हसलो, खोटं कशाला लिहू. मग माझी नजर भिंतीकडे गेली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यांच्यात गोकुळा सरळ उभी होती, जशी काही ह्या गावची नाहीच.

पाटलांनी निकाल दिला. "टपालानं मनिऑर्डर येते, काडीमोड येत नाई. माणूस पाह्यजे." मग इस्तारीला विचारलं, थांबशील का. तो म्हणाला, "थांबतो जी. कुठवर थांबू तेवढं सांगा." लोक उठायला लागले, एकानं विडी पेटवली.

तेव्हा गोकुळा निघाली. मला वाटलं घरी गेली. ती चावडीमागच्या गोठ्याकडे गेली आणि तणशीच्या ढिगातून एक लांब काडी उपसून आली. पंचांच्या पुढे येऊन तिनं ती आडवी धरली, एका टोकाला, दुसरं टोक मोकळं.

"धरा," म्हणाली.

पाटील म्हणाले, "बाई, असं होत नाई. त्याच्या हातानं पाह्यजे."

"त्याचा हात कुठी हाय? असन तं दाखवा, मी थांबतो."

ती वळून सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "त्याच्या घरचं कोनी हाय का नाई इथी?"

मी उठलो. उठायचं असं ठरवलं नव्हतं. पाटलांनी माझा हात धरला. ते माझे लहानपणचे सोबती, त्यांच्या बोलण्यात वाकडं नव्हतं. म्हणाले, "बसा लटारूभाऊ. बापानं पोराच्या जागी काडी धरली, तं पोरगा मेला असं समजतेत आपल्यात. तुमाले एकच हाय. उद्या तुमच्या मातीले मडकं कोन धरन?"

मी म्हटलं, "पाटील, माती कोनीबी लोटते. हे पोरगी जिती हाय."

आणि दुसरं टोक धरलं.

तुला वाटेल काडी कडकन मोडली. तणस तशी मोडत नाही, वाकते. आम्ही दोघांनी ओढली, ती लांबली. मी पीळ दिला, तिनं उलटा पीळ दिला. म्हातारा सासरा आणि सून, भर चावडीत, एका काडीशी झटत होतो. मंगरूच्या ओठावर काहीतरी आलेलं मी पाहिलं, पण त्यानं ते गिळलं आणि खाली पाहिलं. शेवटी ती तंतू तंतू होऊन सुटली. माझा तुकडा मोठा आला. गोकुळानं माझे पाय धरले. पाटलांनी पंचांकडे पाहिलं, कोणी नाही म्हटलं नाही. "झालं," एवढंच म्हणाले.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी आली होती. तुझी माय दारातच होती. म्हणाली, "तुमी माह्या लेकराले मारलं." त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही, आणि गोकुळानं पेटवली तर तिच्या हातचं खाल्लं नाही.

तुझ्या पाकिटातली काडी मी ठेवलेली नाही.

लटारू


कोसमघाट
६ मे १९५७

चिरंजीव गुणवंतास आशीर्वाद.

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असं समजून होतो. तरी तब्येत विचारतो. कान कसा आहे? उन्हाळ्यात तो तुला कमी त्रास देतो. घरमालकांना दम्याला उन्हाळा मानवतो का? साहेबांनी 'ध' पसंत केला का? मंगरूनं सांगायला सांगितलं आहे की देवधानाला ढिवरांकडे वेगळा शब्द आहे, तो सांगेल, पण तू स्वतः येऊन मासे खाल्लेस तर.

अक्षय्य तृतीयेला गोकुळाचा पाट लागला. इस्तारीची आंधळी माय बंडीतून आली होती. तिनं गोकुळाचं तोंड हातानं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "नाक चांगलं हाय." लोक हसले, गोकुळाही हसली. तिचं हसणं मी एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं असं नाही, पण ते सुनेचं हसणं होतं, पदराआडचं. हे वेगळं होतं. इस्तारीची लहान पोरगी तिच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती.

लेकीला निरोप कसा द्यावा ह्याची रीत आहे. सुनेला निरोप कसा द्यावा ह्याची नाही, कारण सुनेला कोणी निरोप देत नाही. आम्ही सगळे उभेच राहिलो. तुझी माय आत गेली, तिच्या लग्नातलं जुनं लुगडं घेऊन आली, गोकुळाची ओटी भरली आणि पुन्हा आत जाऊन बसली. बंडी नदीच्या रस्त्याला लागली. कोंड्याचा मांडा करून खाऊ घालणारी पोर ह्या घरातून गेली. आता पाणी मी आणतो. लोक पाहतात, पाहू दे.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. रामाजीनं नागपूरहून आल्यावर मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. फेब्रुवारीच्या पत्रात मी ती लिहिली नाही. लिहिली असती तर तू आला नसतास असं वाटलं, आणि न लिहूनही आला नाहीस, म्हणून आता लिहितो. त्या बाईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, तुम्ही यांचे कोण? रामाजी म्हणाला, गावचा. तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं आलात. यांना गावाकडचं कोणीच नाही ना. आईवडील लहानपणीच गेले म्हणतात." रामाजीनं चहा संपवला, बशी पालथी घातली आणि पोह्यांची पिशवी कोणाकडून आली ते न सांगता निघून आला. मूलच्या स्टेशनापासून घरापर्यंत त्याला मला हे कसं सांगावं ते सुचत नव्हतं. मग त्यानं आपल्या दारात बैल सोडता सोडता, माझ्याकडे न पाहता सांगितलं.

म्हणजे चावडीवर मी काडी धरली त्याच्या किती आधीपासून मी मेलेलोच होतो. तू मला आधी पुरलंस, मी तुला नंतर. हिशेब बरोबर झाला असं म्हणायला हवं. पण मला ते म्हणता येत नाही. मी रोज उठतो, पाणी आणतो, टपाल आलं का म्हणून रामाजीला विचारतो. मेलेली माणसं असं करत नाहीत.

आणि तुझी माय. तिच्यापुरता तू खरंच गेलास. तिनं कुंकू-बांगड्यांशिवाय दुसरा शृंगार कधी केला नव्हता, आता हातातल्या काचेच्या बांगड्याही तिला जड होतात. मी तिला एक गोष्ट सांगू शकतो, जी अजून सांगितलेली नाही. पोरगा आहे, नागपूरला आहे, त्यानं संसार मांडला आहे, सून बोलायला चांगली आहे, घरी आलेल्या परक्या माणसाला चहा देते. आता हे सांगायला आड काही नाही. काडी तुटली तेव्हा गोकुळा एकटी सुटली नाही. ती नागपूरची बाईही सुटली, तिला ठाऊक नसलं तरी. आता जातीत कोणी तिच्याकडे बोट दाखवू शकत नाही.

पण मी हे सांगितलं की तुझी माय पहिला प्रश्न काय विचारेल ते तुला माहीत आहे. सुनेचं नाव काय? आणि ते मला सांगता आलं नाही तर तिला वाटेल की म्हातारा तिचं मन राखायला खोटं रचतो आहे. मी तिच्याशी आजवर खोटं बोललो नाही असं नाही, पण ह्या बाबतीत मला बोलायचं नाही.

मी तुला ये म्हणत नाही. तिला घेऊन ये असंही म्हणत नाही. आम्ही जिवंत आहोत हे तिला सांग असा हट्टही धरत नाही, ते तुझं तू पाहा. काडी नको, दाणा नको, वेद नको. एक कार्ड घे आणि त्यावर तिचं नाव लिही. खाली सही नाही केलीस तरी चालेल, तुझं अक्षर मला ओळखू येतं.

उत्तर लवकर पाठव. पावसाळा लागला की नदीवरून टपाल येत नाही.

तुझा बाप,
लटारू